पायात कोळंबी, पोटात नाही

ती. बायजाताईस,

चौलहून रामचंद्राचा साष्टांग नमस्कार, म्हणजे सात अंगांचाच. आठवं, उजवा पाय, अजून डॉक्टरांच्या ताब्यात आहे. तुझे गुडघे कसे आहेत? माझा फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र दिघीला धाडतोय.

पाय कसा मोडला ते कुणीतरी तिखटमीठ लावून सांगितलंच असेल, तेव्हा खरं ऐक. एक मांजर शेजारचा तळलेला बांगडा घेऊन आमच्या माळकरी अंगणात शिरलं. मी धावलो (मांजराला हाकलायला, गोदूला तसंच सांगितलंय) आणि पाण्याच्या पाटात कोसळलो. नडगीच्या हाडाचा तुकडाच उडाला. अलिबागच्या डॉक्टरांनी त्या खळग्यात एक जाळीदार वस्तू बसवली, विरघळणारं प्लास्टिक आणि त्यात हाडाच्या जातीची पूड. घर बांधताना परांची बांधतात ना, तशी. तिच्या आधाराने नवं हाड भरत जातं आणि परांची आपोआप विरघळते. पण सोबत आलेल्या शेजारच्या दयारामने तिथे ऐकलं, की असल्या परांचीत कोळंबीच्या सालीचं सत्त्वही घालतात. मी घरी पोचायच्या आत गावभर झालं, रामचंद्राच्या पायात कोळंबी! माळ उतरवावी लागते की काय, या चिंतेने (चिंता दयारामला, मला नव्हे) भजनी मंडळ जमलं. शेवटी माझ्या बायकोने, गोदूनेच निकाल दिला, "पायान हाय, पोटान न्हाय." माळ राहिली.

ताई, पडून पडून जीव विटला. सगळं गाव बघून गेलं. दार वाजलं की वाटतं, तूच. मी माळ घातली तेव्हा तू म्हणालीस, "ज्या घरान म्हावरा न्हाय, त्या घरान बायजा न्हाय," आणि पुन्हा फिरकली नाहीस. लहानपणी मला ताप आला की उशाशी बसून तू सुक्या कोळंबीचे सोडे भाजून भरवायचीस. मला 'रामा' म्हणणारं तुझ्याशिवाय कुणी उरलं नाही. आता पायात का होईना, या घरात म्हावरा आहे. तुझी अट पुरी झाली. ये.

तुझा लंगडा भाऊ,
रामा

ता. क. : येताना वाटीभर सुके सोडे आण. खायला नव्हे, परसात भाजायला. वास नाकात जातो, पोटात नाही. गोदूला विचारून झालंय.

पुन्हा ता. क. : पत्र पाकिटात घालायचं राहिलं होतं, तेवढ्यात तपासणी झाली. डॉक्टरांना सरळच विचारलं. माझ्या पायात कोळंबीचं काहीच नाही. ते म्हणे दुसऱ्या प्रकारात असतं. म्हणजे तुझी अट पुरी झालेली नाही. तरी ये. गोदूला मात्र पायात कोळंबी नसल्याचं बोलू नकोस. तिने परसात तुझ्यासाठी वेगळी चूल मांडून, सारवून ठेवली आहे, आणि सकाळ-संध्याकाळ मलाच विचारते, "ताई कवा येनार?"