न हलणारा आकडा

ती. आई,

वाकून नमस्कार. मी मजेत आहे, वेळेवर जेवते. तुझा गुडघा कसा आहे?

पाण्यातले क्षार मोजायला आम्ही नखाएवढे सेन्सर बनवतो. पाणी तेच असूनही माझ्या सेन्सरचा आकडा रोज थोडा सरकतो. शेजारच्या टेबलावरच्या बाईसाहेबांचा मात्र जागचा हलत नाही. साहेब तिच्यावर खूश आणि मी नुसती जळते.

आज तिचा सेन्सर खारट पाण्यातून काढून गुपचूप क्षार नसलेल्या डिस्टिल्ड पाण्यात बुडवला. तरी आकडा तोच! मेलाय गं तो!

उद्या तिचा सत्कार आहे. टाळ्या वाजून झाल्या की सांगेन म्हणते.

मला नावं ठेवू नकोस. काकूच्या चहाचं दूध नासलंय हे कळूनही पाहुण्यांपुढे चहा जाईपर्यंत तूही गप्पच बसली होतीस.

तुझ्याच वळणावर गेलेली,
धाकटी