एकशेवीस किलो

८ सप्टेंबर
आलो एकदाचा! ताईच्या घरी माडीवरची हवेशीर खोली मिळाली. ‘आता माझ्या नजरेखाली राहा’ हे वाक्य मात्र पहिल्या तासातच तीनदा ऐकून झालं. या शहरात मला आणलं ते माझ्या स्नायूंनी. त्यांत साठलेली साखर उपसणारं एन्झाइम माझ्यात जन्मापासून गैरहजर, आणि पन्नाशी उलटेपर्यंत कुणाला पत्ता नाही. त्यापायी घेतली तेवढी लांब बिनपगारी रजा मी कचेरीत कुणाची पाहिली नव्हती. आता ते एन्झाइम दर दुसऱ्या मंगळवारी चार तास शिरेतून घ्यायचं. जन्मभर. नाही घेतलं तर आधी जिना सुटेल, मग श्वास.

दवाखान्याची खोली छान आहे. दोन आरामखुर्च्या, मधे हिरवा पडदा, कोपऱ्यात वजनकाटा. औषध वजनावर ठरतं, म्हणून सिस्टर आधी काट्यावर उभं करते. एकदा फोडलेली व्हायल ठेवता येत नाही, त्यामुळे रोगी जोडीनं बसवतात. एकाच्या बाटलीतलं उरलेलं दुसऱ्याला. मी बासष्ट किलो, पडद्यापलीकडचा जोडीदार अठ्ठावन्न. मिळून एकशेवीस, बरोब्बर अठ्ठेचाळीस व्हायल, थेंब वाया नाही. इतकी जुळणी माझ्या संसारात कधी झाली नव्हती.

मी पडद्याला उद्देशून दोन विनोद सोडले. दुसऱ्या विनोदावर पलीकडून हसू ऐकू आलं. सिस्टर म्हणाली, तिकडे नका लक्ष देऊ. मी कसला ऐकतो? श्रोता मिळालाय, तोही नळीला बांधलेला.

२२ सप्टेंबर
दवाखान्याचा जिना न थांबता चढलो! वर पोचल्यावर टाळ्या वाजवायला कुणी नव्हतं, म्हणून स्वतःच वाजवल्या.

वजन मात्र साठ. ताईला हा तिच्या स्वयंपाकाचा अपमान वाटला; तिनं डॉक्टरांचा, औषधाचा आणि माझ्या मुळातच कृतघ्न असलेल्या पोटाचा एका दमात उद्धार केला. सिस्टरच्या वहीत चोरून पाहिलं, तर जोडीदारही साठ. खोकतोही आता माझ्यासारखाच, आधी दोनदा घसा साफ करून.

६ ऑक्टोबर
सत्तावन्न. तो त्रेसष्ट.

दोघांचं जेवण एकटा जेवतोय. ताई विचारते, खातोस ते जातं कुठे, शेजाऱ्याकडे का? मी हसलो.

आज आमच्या घोरणाऱ्या साहेबाचा किस्सा सुरू करणार, तेवढ्यात तोच किस्सा पलीकडून सुरू झाला. हा किस्सा मी या शहरात कुणालाही सांगितलेला नाही. तेच शब्द, शेवटी आवाज पाडण्याची तीच लकब. चोरी झाली याचं एवढं वाईट वाटलं नाही. त्यानं तो माझ्यापेक्षा चांगला सांगितला.

सिस्टरला विचारलं, ऐकलंत का? ती म्हणाली, काय?

२० ऑक्टोबर
त्रेपन्न. सदुसष्ट.

पडदा सरकवला.

खुर्ची रिकामी. मशीन चालू. नळी हाताच्या उंचीवर हवेतच थांबलेली, टोकातून औषध जातंय. खाली फरशी कोरडी. मी बोट फिरवून पाहिलं.

सिस्टरला खोदून खोदून विचारलं तेव्हा ती रडवेली झाली. तो गृहस्थ उन्हाळ्यातच गेला. पण औषधाची मंजुरी जोडीची आहे. त्याचं नाव कापलं तर माझीही थांबते आणि नवी यायला सहा महिने लागतात. म्हणून तिनं त्याला कागदावर ठेवलंय. मशीनच्या नोंदीत चार तास दिसायला हवेत, म्हणून नळी लावते. आणि वजन? ते ती फक्त वजाबाकी करून लिहिते. एकशेवीसमधून मी गेलो की उरेल तो तो.

तुमच्यासाठीच करते हो, म्हणाली. खरंच करते. तिच्यावर चिडताही येईना.

३ नोव्हेंबर
गेलो नाही. ताईला सांगितलं, सुट्टी आहे.

चार वाजता तिला फोन आला की औषध व्यवस्थित झालं. फोन कुणाचा, तर म्हणे तुझाच की रे —

१२ नोव्हेंबर
जिना बंद. आडवं पडलं की छातीवर कुणी बसल्यासारखं होतं. आज ताईनं मला उचलून खुर्चीत ठेवलं. एका हातानं. दुसऱ्या हातात कपबशी होती. तिच्या ते लक्षातही आलं नाही.

सहा महिने मी काढू शकत नाही. सहा आठवडेही नाही. म्हणजे जावं तर लागणारच. जावं तर —

१७ नोव्हेंबर
खिशांत चार किलो लोखंड घालून काट्यावर चढलो. मला वाटलं, वजाबाकीलाच फसवू.

एकतीस.

सिस्टरनं एकोणनव्वद लिहिलं. पलीकडची खुर्ची करकरली, जड माणूस बसल्यासारखी. मग घसा साफ केला. दोनदा.

मी तिला म्हटलं, कापा नाव. मरतो तर मरतो. ती म्हणाली, कुणाचं कापू? वहीकडे बघत राहिली. कुणाचं ते तिला खरंच आठवेना —

१ डिसेंबर
सिस्टरनं माझं नाव पुकारलं. मी तिच्यासमोरच उभा. पडद्यामागून उत्तर गेलं — आलो.

काट्यावर तो चढला. एकशेवीस. एकट्याचेच.

मी माझ्या खुर्चीत येऊन बसलोय. सुई कुणी लावली नाही. श्वास लागत नाही. घ्यावाच लागत नाही बहुतेक —

ताई आली. दारातूनच ओरडली, अगं बाई, केवढं अंग धरलंस रे, शेवटी माझ्या हातचं लागलं अंगी! हे ती पडद्यापलीकडे म्हणाली. तो काहीतरी बोलला. ती खळखळून हसली. माझ्या बोलण्यावर अशी ती कधी —

ताई, म्हणून ओरडलो. जिवाच्या आकांतानं. सिस्टरनं वर पाहिलं आणि खिडकी लावून घेतली.

दोघं निघाली. जिन्यावर त्याची पावलं. न थांबता.

झाडणाऱ्या मावशी आल्यात. सिस्टरला विचारतायत, ही खुर्ची मोकळीच ना. ओलं फडकं पिळलं. हात पुसला खुर्चीचा. आता बैठक. फडकं माझ्या मांडीव