घरच्या बाईचा मान

आई, तुझा मला फार राग आलाय, म्हणून लिहितेय. तू जाऊन इतकी वर्षं झाली की तुझ्यावर रागावणारं माणूसही आता माझ्याशिवाय कोणी उरलेलं नाही. मी अजून दादरच्या त्याच साडीच्या दुकानात आहे, तू मला चिकटवलंस तिथेच. गुडघे दुखतात म्हणून हल्ली गादीवर बसत नाही, स्टुलावर बसते, आणि गिऱ्हाईक मागेल तेवढीच साडी काढते. पिवळी मागितली की पिवळी. जरा अबोली बघता का, तुम्हाला खुलेल, असं काही म्हणत नाही. पूर्वी मी अशी नव्हते, ते तू बघितलंयस.

लग्नातल्या मानपानाच्या साड्या घ्यायला बायका यायच्या, तेव्हा मी आधी साडीला हातच लावायचे नाही. विचारायचे, विहीण म्हणून उभी कोण राहणार? मुलाच्या आत्या किती, त्यातली नाकावर राग असलेली कोण? मग एकाच किमतीच्या, पण एकीसारखी दुसरी न दिसणाऱ्या साड्या लावून द्यायचे. मांडवात कोणी कोणाचा पदर चाचपून बघितला तरी तोंड फुगायला नको. हे मला कोणी शिकवलं नव्हतं. चाळीतली भांडणं बघितलेली, दुसरं काय. लालबाग-परळच्या बायका 'त्या मानपानवाल्या बाई कुठेयत' म्हणून शोधत येऊ लागल्या. मालकांच्या मुलानं ते बरोबर हेरलं, वरचा माळा रंगवून तिथे खास आहेराचा विभाग काढला, आणि त्यावर मॅनेजर म्हणून आणून बसवला आपल्या बायकोचा भाऊ. आयत्या बिळावर नागोबा. मला म्हणाला, 'मावशी, त्याला जरा शिकवा हं सगळं. तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही तर घरच्याच.' सगळ्या गावाच्या विहिणींचे रुसवे काढले मी, आणि माझ्या मानाची वेळ आली तेव्हा मी घरची झाले. शिकवलं त्याला. शिकवलं आणि त्या दिवसापासून तोंड मिटलं.

हा 'घरची' शब्द मी आधी तू स्वयंपाक करायचीस त्या खानावळीत ऐकला होता. शाळा सुटली की मी मागच्या दारात दप्तर मांडीवर घेऊन बसते आणि तू चुलीपुढे घामानं निथळतेयस. एका म्हाताऱ्या गिरणीकामगाराला दात नाहीत, म्हणून तू कोणी न सांगता त्याच्यापुरता भात मऊ करून बाजूला ठेवतेस. एवढी वर्षं ते स्वयंपाकघर तू ओढलंस, आणि 'तू काय, घरचीच' म्हणत मालकिणीनं गावाहून भावजय आणून कोठीच्या किल्ल्या तिच्या कमरेला लावल्या. दुसऱ्या दिवशी मी बघते तर तुझी भाताची वाटी बाजूला काढलेली आहेच. मी म्हटलं, 'आता कशाला करतेस? किल्लीवालीला करू दे की.' तू पळीसकट वळलीस. 'रुसायचं तर माणसावर रूस गो, भातावर कित्याक? त्या म्हाताऱ्यान माझा काय वाईट केल्यान?' सगळ्यांसमोर बोललीस. मला इतकं लागलं की मी त्या रात्री जेवले नाही. मला तेव्हा वाटलं होतं, आपली आई बावळट आहे. तू गेलीस तेव्हा मालकीण तुझ्या अंगावर घालायला साडी घेऊन आली. तोवर मी दुकानात मुरले होते, नुसता हात लागला आणि पोत कळला. बोहारणीनंसुद्धा घेतली नसती. 'घरचीच होती हो ती,' म्हणून मालकीण रडलीसुद्धा.

तर गेल्या आठवड्यात परळची एक बाई वर न जाता खाली माझ्याकडेच आली, मुलीच्या लग्नाच्या साड्या घ्यायला. एकटीच होती, गडबडून गेलेली. बोलता बोलता म्हणाली, जावयाची आई तो लहान असतानाच गेली, मावशीनं वाढवलंय त्याला. आणि त्या मावशीला तिनं इतर बायकांसारखीच साधी, मोहरी रंगाची साडी काढून ठेवली. माझ्या अगदी ओठावर आलं, अहो, तीच तुमची विहीण, तिला असली साडी देताय? आलं आणि मी गिळलं. मनात म्हटलं, मॅनेजरचा पगार तो माळ्यावरचा घेतो, त्यानं बघावं. मुकाट्यानं घड्या घातल्या आणि म्हटलं, 'बिल वर होईल.' पोटातलं पाणी हललं नाही माझ्या.

संध्याकाळी ती मोहरी साडी परत माझ्या पुढ्यात आली. तो वरचा स्वतः घेऊन आला होता. म्हणाला, 'मावशी, त्या काकूंचा केवढा घोळ होणार होता माहितीये? बिल करायच्या आधी मी तुमचा प्रश्न विचारला, विहीण म्हणून उभी कोण राहणार? त्या म्हणाल्या, आई नाही, मावशीच उभी राहणार. मग त्या मावशीला भारीतली काढून दिली. जाताना हात जोडले हो त्यांनी मला.' इतका खूश होता मेला, माझ्याकडून शाबासकी घ्यायला थांबलेला. 'बरं केलंस,' म्हटलं आणि साडी रॅकवर ठेवायला उठले.

तुझं बरोबर होतं, असं मी म्हणणार नाही. त्या मऊ भातानं तुला काय दिलं, तर मालकिणीची ती साडी. पण मी रुसले, तर दुकानाचं काही अडलं नाही. मालकाच्या मुलाला पत्ताही नाही. त्या बाईचं लग्नघर वाचलं, तेही माझ्याच प्रश्नानं, आणि मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. त्या मोहरी साडीची घडी घालताना माझ्या मनात होतं की त्यानं विचारायला विसरायला हवं होतं. त्या मावशीनं भर मांडवात मान फिरवायला हवी होती, म्हणजे कोणीतरी म्हणालं असतं, खालच्या बाई असत्या तर हे झालं नसतं. एका परक्या पोरीच्या लग्नात मी हे चिंतलं, आई. हे दुसऱ्या कोणाला सांगता येत नाही म्हणून तुला सांगितलं. तू असतीस, तर तुलाही सांगितलं नसतं.