झाकलेला कप

जवळा बाजार, आठवडी बाजाराचा दिवस

आज पुन्हा कोपऱ्यातल्या टेबलावर झाकलेला कप.

हॉटेलात विडी-सिगारेट बंद झाल्यापासून गिऱ्हाईक ओढायला बाहेर लिंबाखाली जातं. जाताना अर्ध्या चहावर बशी पालथी घालतं. तसा कप आम्ही उचलत नाही, कारण माणूस परत येणार असतो. कोपऱ्यातल्या टेबलावर बसणारे सलीमचाचा असेच बशी घालून गेले आणि लिंबाखाली बसल्या जागीच वारले. तेव्हापासून त्या टेबलावर कोणी बसत नाही. आज एवढी गर्दी, तरी नाही.

वेटर गणपतला विचारलं, "हा चहा कोणाला दिलास?"

"म्या कोणालाच न्हाई दिला, मालक. हात लावून बघा."

लावला. कप गरम होता.

बाहेर जाऊन पाहिलं. लिंबाखाली कोणी नव्हतं, पण विडीचा वास येऊन राहिला होता. मी काहून एवढा घाबरलो? चाचा तर रोजचं गिऱ्हाईक. त्यांची कसली भीती?

हॉटेल बंद करताना गणपतनं विचारलं, "कप उचलू का?"

"राहू दे," म्हणालो.

आणि शटर अर्धंच ओढून घरी आलो.