तनयाचा आठवा महिना

पाळी, डिचोली
१२ फेब्रुवारी २०२५

ती. गौरवीताईस,
धाकट्या तनयाचा शि. सा. न. वि. वि.

तुझ्या दोन्ही वांड पोरांना कांजिण्या आल्याचं कळलं. बाळंतपणाला वास्कोला तुझ्याकडे यायचं ठरलं होतं, तेही आता राहिलं. त्यांना सांग, मावशी रुसली आहे. अंग खाजवणाऱ्याला खाऊ मिळणार नाही.

फोनवर मनातलं बोलता येत नाही, सासूबाई शेजारीच असतात. शेजारचे श्रीनाथभाऊ वास्कोला कामावर येतात, त्यांच्या हाती हे देते. ताई, माझे पाय इतके सुजलेत की चपला चढत नाहीत. कालपासून तोंडही सुजलंय. डोकं ठणकतं, डोळ्यांपुढे काजवे चमकतात. उपकेंद्रातल्या नर्सबाईंनी रक्तदाब पाहिला आणि लगेच बांबोळीच्या मोठ्या इस्पितळात जा म्हणाल्या. सासूबाई म्हणतात, आठव्यात पाय सुजायचेच, रविवारी ओटी भरू, मग बघू. त्या वाईट नाहीत गं. मला पेज करून भरवतात, पाय चेपून देतात. पण इस्पितळाचं नाव काढलं की त्यांचा चेहरा पांढरा पडतो. त्यांचा रुद्रेश बोटीवर नोकरीला, त्याचा फोन लागत नाही. मी काय करू?

मुलांना पापे. माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.
तुझी,
तनया


वास्को
१३ फेब्रुवारी

तीर्थस्वरूप सुमंगलाआई यांस,
गौरवीचा सा. न. वि. वि.

मघाशी फोनवर माझा आवाज चढला, त्याची माफी असावी. तुम्हीही फोन ठेवून दिलात. म्हणून श्रीनाथभाऊंना थांबवून घेऊन हे लिहिते आहे.

आई, तनयाची ही साधी सूज नव्हे. रक्तदाब वाढून डोकं ठणकायला लागलं, डोळ्यांपुढे चमकायला लागलं, की पुढे झटके येतात. त्यात पोटुशी बाई आणि बाळ दोघंही जाऊ शकतात. तुमच्या थोरल्या बहीण कमलाक्षी बाळंतपणात इस्पितळातून परत आल्या नाहीत, हे तनयाने मला सांगितलंय. तुमची भीती मी खोटी म्हणत नाही. पण त्यांना झटके आल्यावर नेलं होतं, हेही तुम्हीच तिला सांगितलंत ना? तनयाला अजून झटका आलेला नाही.

घरात कांजिण्या, त्यामुळे मी तिच्याजवळ येऊ शकत नाही. आमची आई नाही. तिथे तिची आई तुम्हीच. हे वाचून होताच १०८ला फोन करा. ओटी मागाहून भरू.

रागावलात तरी चालेल, पण दूर लोटू नका.
तुमची,
गौरवी


बांबोळी
२० फेब्रुवारी

चि. सौ. गौरवीस,
सुमंगलाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

बाय, खुशाली तुला फोनवर कळलीच आहे. पण सगळं फोनवर सांगणं जमत नाही, म्हणून लिहिते.

तुझं पत्र वाचत होते तेव्हा तनया बाजूलाच पडून होती. म्हणाली, आई, दिवा मालवा, डोळ्यांना सोसत नाही. अंगणात अजून ऊन होतं, घरात दिवा लावलेलाच नव्हता. मी तशीच उठून फोन केला.

इस्पितळाच्या दारात तिला झटका आला. दात आवळलेले, डोळे वर फिरलेले. मला कमलाक्षीच दिसली गो. डॉक्टरीणबाईंनी औषध टोचून तिला आवरलं. मग म्हणाल्या, बाळ आत्ताच काढावं लागेल, सही कोण करणार? माझ्या मनात बसलेलं, सही केली की माणूस गेलंच. तरी केली. अक्षर मलासुद्धा ओळखता आलं नाही. मग देवाचं नावही आठवेना, नुसती भिंतीला टेकून उभी राहिले.

मुलगी झाली. ओंजळीत मावेल एवढी.

तनयाला धड शुद्ध नव्हती. नर्स म्हणाली, बाळाला उघड्या छातीशी धरून ऊब द्यायला हवी, घरचं बाईमाणूस कोण आहे? मी मागे वळून बघितलं, तर माझ्याशिवाय कोणीच नव्हतं. चोळीची बटणं काढताना या वयात लाज वाटली. पण ती इवलीशी अंगाला चिकटली आणि कुरकुरायची थांबली. आता रोजचं तेच काम. रुद्रेशचा फोन लागला तेव्हा तो मोठ्याने रडायला लागला. त्याला दटावलं, हळू, ती उठेल.

काल तनयाला चाकांच्या खुर्चीतून इथे, कमी दिवसांच्या बाळांच्या खोलीत आणलं. काचेच्या पेट्यांतलं एकेक बाळ बघत गेली, मग घाबऱ्याघाबऱ्या विचारलं, आई, माझं कुठलं? मी पदर बाजूला केला.

पोरांच्या खपल्या झडल्या की ये. तोवर दोघी माझ्यापाशी आहेत. आमच्यावर जीव आहे, तो तसाच राहू दे.
तुझी,
सुमंगलाआई