मोलकरणीची वाक्यं

४ सप्टेंबर २०१७, मलिंगार, आयर्लंड
आलो एकदाचे! उपेंद्रला इथल्या हॉस्पिटलात नोकरी, आणि त्याच्यामागून मी. पण मीही काही कमी नाही, आठवड्यात काम मिळवलं. जुन्या ब्रिटिश रहस्यनाटिका अमेरिकेतल्या रेडिओवर पुन्हा लावतात. तिथे बातम्यांना जागा लागते, म्हणून दर भागातली सहा मिनिटं मी घरी बसून कापायची. पुण्यातल्या स्टुडिओत अकरा वर्षं हेच तर केलं. कंपनीची मालकीण ओर्ला म्हणाली, खून आणि खुनी शाबूत ठेव, बाकी काहीही काप, सगळं ग्रँड.

११ सप्टेंबर
उसासे, पावलं, दारांची करकर कापून चारच मिनिटं निघाली. मग मोलकरीण सापडली. बाराही भागांत आहे बाई. चहा विचारते, कोट घेते, तिला धड उत्तर कुणी देत नाही. मुळासकट काढली. गोष्टीला ओरखडाही नाही. कापलेले तुकडे जपून ठेवायचे, हा आमच्या धंद्याचा नियम. मी तेही पुसून टाकले. तिचं काय जपायचं?

२० सप्टेंबर
पहिला भाग अमेरिकेत लागला, मी नेटवर ऐकला. मोलकरीण आहे! लंडनच्या बंगल्यात मराठीत विचारतेय, चहा टाकू का? आवाज माझा. हे मी कालच उपेंद्रला विचारलं होतं. तो काही बोलला नाही, मला वाटलं नेहमीचंच.
पाठवलेली फाइल पुन्हा उघडली. तिच्यात मोलकरीण नाही.

२७ सप्टेंबर
दुसऱ्या भागात मी जेवायला बोलावते, छत्री घे म्हणते. आठवडाभरातलं माझं हे सगळं बोलणं उपेंद्रला ऐकूच गेलेलं नाही. आईला पाठवलेला व्हॉइस मेसेजही कोरा गेला. ओर्लाने मात्र कळवलंय, श्रोत्यांना नवी मोलकरीण फार आवडली. भीती वाटतेय मला. खरंच वाटतेय.

४ ऑक्टोबर
आज त्याच्यासमोर उभी राहून किंचाळले. त्याने प्रेसमधून, इथे कपाटाला प्रेस म्हणतात, कप काढला, स्वतःच चहा केला. मग सासूबाईंना फोनवर सांगत होता, मृणालिनी छान रुळलीय, घर कसं शांत असतं. शांत! नऊ वर्षांचा संसार आणि याला अजून—

११ ऑक्टोबर
चौथा भाग. माझी किंकाळी खुनाच्या प्रसंगात. चपखल बसलीय.

१३ ऑक्टोबर
ओर्लाचा मेल. मी फोन उचलते पण बोलत नाही, म्हणून काम दुसऱ्या कुणाला तरी दिलं. मोलकरणीमुळे भाग लांबलेत, तो नवा माणूस आज दुपारी दोनला तिला काढायला बसणार. मी लिहिलं, थांबा, ती मी आहे. ओर्ला म्हणते, कोरा मेल आला.

दोन वाजले. उपेंद्र घरीच आहे, पेपर वाचतोय. खांद्यावर हात ठेवला. त्याने खांदा खाजवला—

पान उलटलं. मागची ओळ — होती ना इथे? —

उपेंद्र, अरे बघ ना, मी अजून