मानेचं काही विशेष नाही

२ जून, सकाळी
मान डावीकडे वळत नाही. उशी बदलली की होईल. नोंद अशासाठी, की किती लवकर बरी झाली ते नंतर कळावं.

४ जून
उशी बदलली. आता उजवीकडेही कमी वळते. दोन्ही बाजू सारख्या होतायत. चांगलं लक्षण.

६ जून
ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकांनी विचारलं, सर, हाक मारली की तुम्ही अख्खे का वळता? म्हटलं, शिस्त. ते म्हणाले, शिस्त ठीक आहे, पण शिकवणाऱ्याला मागचं दिसत नसेल तर मी गाडीवर पाठवणार नाही. २८ला तुमच्या विद्यार्थ्यांची टेस्ट आहे, तोवर बघतो. सगळी हयात शिकाऊ लोकांशेजारी काढली, पायाखाली जादा ब्रेक ठेवून. मला ऑफिसात बसवणार? हॅ.

९ जून
बायकोनं ऑस्टिओपॅथकडे नेलं. हा औषध देत नाही, हातांनीच सांधे आणि स्नायू मोकळे करतो. मान सोडून पाठ, खांदे, कंबर सगळं चाचपलं. बोटांना मुंग्या येतात का विचारलं. नाही म्हटलं. येतात, पण फक्त डाव्या हाताला. बायको म्हणाली, मग सकाळी कप काय आपणहून उडी मारून फुटला? शेवटी तो म्हणाला, आज मानेला हात लावत नाही. आधी डॉक्टरांना दाखवा, एक्स-रे काढा, आणि तोवर गाडी नको.
म्हणजे हात लावण्याइतकंही काही नाही. निश्चिंत झालो.

१२ जून
कपिंग केलं. पाठीवर काचेचे पेले चिकटवतात. गोल, काळेनिळे डाग पडलेत. बायको म्हणाली, पाठीवर कुणी चहाचे ओले कप ठेवून गेलं की काय? मान तशीच. पण आता पाठ इतकी दुखते की मानेकडे लक्ष जात नाही. गुण आहे.

१५ जून
नवी पद्धत सुरू केली. मान वळवणं ही जुनी सवय. आरसे कशाला दिलेत? माझ्या तिघाही विद्यार्थ्यांना आजपासून हेच. त्यातल्या निवृत्त मुख्याध्यापिका बाई सर्वांत तयार. मी करतो तस्संच करतात. मान ताठ, कमरेतून जरासं झुकायचं, आरसा. बाई म्हणाल्या, पुस्तकात तर खांद्यावरून मागे बघा असं लिहिलंय. म्हटलं, पुस्तक रस्त्यावर येत नाही.

१९ जून
डावं वळण. मी म्हटलं, आरसा बघा, घ्या. बाईंनी घेतलं. माझ्या काचेवर थाडकन हात पडला. सायकलवरची मुलगी, पांढरीफटक. आरशात नव्हती. ब्रेक कुणी मारला आठवत नाही. बाईंनी. मुलगी म्हणाली, काका, मी मघापासून तुमच्या शेजारीच होते.
बाईंनी घरापर्यंत गाडी पहिल्याच गिअरमध्ये आणली. उतरताना माझ्या हातून पाण्याची बाटली दोनदा सुटली. मुंग्यांमुळे.

२० जून
एक्स-रेला जाणारच होतो. पण टेस्ट तोंडावर आलीय. तोवर मानेला चुंबकाचा पट्टा बांधलाय. मनगटी घड्याळ बंद पडलं. म्हणजे चुंबक अस्सल आहे. बायकोला कालचं सांगितलं नाही. उगाच काळजी करत बसेल.

२८ जून
टेस्ट. कॉलेजकुमार नापास. बेकरीवाला नापास. बाई नापास. तिघांचं कारण एकच, वळताना मागे बघितलं नाही. परीक्षकांनी मालकांना विचारलं म्हणे, तुमच्याकडे सगळ्यांचीच मान आखडलीय का? बाईंनी स्वच्छ सांगितलं, आमचे सर करतात तस्संच केलं.
मालकांनी केबिनमध्ये बसवलं. म्हणाले, मागच्या भिंतीवर बघा, किती वाजले? बघितलं. साडेचार. खुर्ची फिरती होती, खुर्चीसकट बघितलं. मालकांनी हात पुढे करून गाडीची किल्ली मागितली.

३० जून
ऑफिसात, फोनवर. तात्पुरतं. तशी बढतीच म्हणायची, पंखा डोक्यावर आहे.
पहिलाच फोन बाईंचा. त्यांनी माझा आवाज ओळखला नाही. पुन्हा टेस्ट द्यायचीय म्हणाल्या, फक्त सर दुसरे द्या, मान वळणारे. सकाळची वेळ दिली. मग त्यांनी विचारलं, आधीच्या सरांनी मान दाखवली का हो कुणाला?
सर रजेवर आहेत, म्हटलं.